डबा कोणाचा, पोट कोणाचं?

मे महिना लागला की बाळापुरातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान कूलर दुरुस्तीचं होतं. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, आणि बंद पडलेला पंप नाही तर घुरघुरणारी मोटार घेऊन माणसं सकाळी आठपासूनच दारात उभी राहतात. मामांचं दहा बाय बाराचं दुकान अशा वेळी रस्त्यावर अर्ध्यापर्यंत येतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे रेडिओ, टीव्ही, मिक्सर उघडले आहेत. त्यामुळे एखाद्या कंपनीबद्दल त्यांचं मत विचारलं की ते जाहिरातीवर बोलत नाहीत. डब्याच्या आत काय निघालं, त्यावर बोलतात.

त्या दुपारी काउंटरवर बत्तीस इंची टीव्ही पालथा पडला होता. भाची पुण्याहून लग्नाला आलेली. ती एका कंपनीत हिशेब आणि गुंतवणुकीचं काम बघते. मामांनी मागचं झाकण काढलं आणि तिला बोलावलं.

"पाय बरं. समोर नाव कोणाचं? आन् ह्या पॅनेलच्या पाठीवर स्टिकर कोणाचा?"

समोरच्या पट्टीवर एक नाव होतं, पॅनेलवर दुसरं, बोर्डावरच्या आयसीवर तिसरं. बॅकलाइटच्या पट्ट्यांवर तर नावच नव्हतं, नुसता आकडा.

"डबा एकाचा, पोट दुसऱ्याचं," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक डब्याले पैसे देते, आन् बिघडते ते पोट."

भाची हसली. तिच्या ऑफिसात गेला आठवडाभर हाच विषय चालला होता, फक्त भाषा वेगळी होती. सॅमसंगसारखी कंपनी डबाही बनवते आणि पोटही. फोन, टीव्ही, फ्रिज एका बाजूला; मेमरी चिप, प्रोसेसर, डिस्प्ले दुसऱ्या बाजूला. हा सुट्या भागांचा धंदा कंपनीनं वेगळा काढून स्वतंत्र कंपनी करावी की नाही? तिचं मत होतं, करावा.

"काहून?" मामांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

तिनं ॲपलचं उदाहरण दिलं. आयफोनचा मेंदू म्हणजे त्याचा प्रोसेसर. तो बरीच वर्षं सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होता. त्याच वेळी सॅमसंगचे गॅलक्सी फोन आयफोनचं गिऱ्हाईक पळवत होते. एप्रिल २०११मध्ये ॲपलनं सॅमसंगवर नक्कल केल्याचा खटला भरला, २०१२मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीनं एक अब्ज डॉलरच्या वर भरपाई ठरवली, आणि या सगळ्या काळात ॲपल सॅमसंगकडून माल घेतच होतं. पण मनात खूणगाठ पक्की झाली होती. २०१४च्या आयफोनमधला ए-८ प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीनं बनवला. टीएसएमसी स्वतःच्या नावाचा फोन विकत नाही. तिच्याकडे नकाशा द्यायला कोणी घाबरत नाही.

"म्हणजे शिंप्यानंच कापडाचं दुकान टाकलं, तर दुसरे शिंपी त्याच्याकडून कापड घेताना दहादा विचार करणार," भाची म्हणाली. "त्यापेक्षा दुकान भावाच्या नावावर करून टाकावं."

"भावाच्या नावावर केल्यानं काय होते? गल्ला तर एकच."

"गल्लाही वेगळा करायचा. त्यालाच डीमर्जर म्हणतात."

वाटणीची रीत तिनं थोडक्यात सांगितली. एका कंपनीच्या दोन होतात. ज्याच्याकडे जुन्या कंपनीचा एक शेअर, त्याला नव्या कंपनीचाही ठरलेल्या प्रमाणात शेअर मिळतो. सीमेन्सच्या भारतातल्या कंपनीनं २०२५मध्ये ऊर्जेचा धंदा असाच वेगळा काढला आणि एका शेअरमागे सीमेन्स एनर्जी इंडियाचा एक शेअर दिला. वाटणीपत्रात यंत्रं, जमिनी, माणसं, कर्ज, करार सगळ्यांचे हिस्से लिहिलेले असतात. त्यानंतर संचालक मंडळ वेगळं, ताळेबंद वेगळा, आणि नफ्या-तोट्याला कोणाच्या पदराआड लपता येत नाही.

मामांना लपण्याचा मुद्दा पटला नाही. पदर असतोच कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी वावरातला दाखला काढला. वऱ्हाडात कपाशी कोणी एकटी पेरत नाही. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचा एखादा तास असतोच. बोंडअळीनं कपाशी बसली तर तूर घर चालवते. तुरीला धुई लागली तर कपाशीचे चार पैसे येतात. "आता तू म्हनशीन, तूर येगळ्या वावरात पेरा, म्हंजे हिशेब सोयीचा जाईन. हिशेब सोयीचा जाईन, पन ज्या सालात कपाशी जाईन त्या सालात खाशीन काय?"

हा दाखला हवेतला नव्हता. २०२३मध्ये मेमरी चिपचे भाव कोसळले तेव्हा सॅमसंगच्या चिप विभागाला वर्षभरात सुमारे १४.९ लाख कोटी वॉनचा तोटा झाला. तरीही अख्खी कंपनी वर्षाअखेर साडेसहा लाख कोटी वॉनच्या नफ्यात होती, कारण फोन आणि डिस्प्लेच्या धंद्यानं तो खड्डा भरून काढला. चिपचा धंदा त्या वर्षी एकटा असता, तर त्याला कर्ज काढावं लागलं असतं किंवा नवे कारखाने थांबवावे लागले असते. ऑक्टोबर २०२४मध्ये सॅमसंगचे अध्यक्ष ली जे-योंग यांनी इतरांसाठी चिप बनवून देणारा विभाग वेगळा काढण्यात आपल्याला रस नसल्याचं सांगितलं, त्यामागे हेही गणित असणार.

भाचीनं आकडा मान्य केला, निष्कर्ष मान्य केला नाही. "तूर दरवर्षी कपाशीला पोसत असेल तर? तुम्हाला वाटतं घर चाललंय, आणि तुरीला खतच मिळत नाही."

तेवढ्यात एक शेतकरी कूलरची मोटार घेऊन आला. फॅन हातानं ढकलला तर फिरतो, आपणहून सुरू होत नाही. मामांनी मोटार पाहिलीही नाही. "कंडेन्सर गेला," म्हणाले, आणि लाकडी खण ओढला.

पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, वऱ्हाडातल्या प्रत्येक मेकॅनिकच्या तोंडी तो कंडेन्सरच. अंगठ्याएवढी पांढरी डबी, दोन वायरी. सिंगल फेजच्या मोटारीला पहिला धक्का देण्याचं काम तिचं. आत प्लास्टिकची पातळ, धातू चढवलेली फिल्म असते; उष्णतेनं तिच्यावरचा धातूचा थर झिजत गेला की डबीची ताकद उतरते आणि मोटार जागेवर गुणगुणत बसते. खणात वेगवेगळ्या मापांचे आणि मेकचे कंडेन्सर होते. एसीच्या कॉम्प्रेसरला लागणारा अॅल्युमिनियमच्या डब्यातला एक मोठा कंडेन्सर भाचीनं उचलला. त्यावर एप्कॉस लिहिलं होतं.

"हाच," ती म्हणाली. "मामा, तुमच्या खणातच माझं उदाहरण आहे."

जर्मनीच्या सीमेन्सकडे सुट्या भागांचा मोठा धंदा होता. त्यात दोन शाखा होत्या: चिप बनवणारी एक, आणि कपॅसिटर, फेराइट वगैरे बनवणारी दुसरी. ही दुसरी शाखा सीमेन्सनं १९८९मध्ये जपानच्या मात्सुशिताबरोबर भागीदारीत घातली होती. नव्वदच्या दशकात मेमरी चिपचे भाव इतके पडले की सीमेन्सला झेपेना. इंग्लंडमधल्या नॉर्थ टाइनसाइडला राणी एलिझाबेथच्या हस्ते मे १९९७मध्ये उद्घाटन झालेला चिपचा कारखाना जुलै १९९८च्या अखेरीस बंद करायचं जाहीर झालं. अकराशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्ष हाइनरिश फोन पीरर यांनी सुट्या भागांचा धंदाच घराबाहेर काढायचं ठरवलं. १९९९मध्ये चिपची शाखा इन्फिनिऑन झाली, कपॅसिटरची शाखा एप्कॉस झाली. एप्कॉसचे कारखाने भारतातही होते. त्यातला कपॅसिटरचा नाशिकला.

"म्हंजे हा नाशिकचा?"

"बहुतेक. आणि आता त्या कारखान्यावर पाटी टीडीकेची आहे. २००८मध्ये जपानच्या टीडीकेनं एप्कॉस घ्यायचं ठरवलं."

मामांनी डबी हातात फिरवली. "पाटी तीनदा बदलली, आन् मोटारीले मालूमही नाही."

हेच तर ती म्हणत होती. सीमेन्सच्या पदरात हा कारखाना कायम नावडता राहिला असता. वीज, रेल्वे, दवाखान्यातली यंत्रं असे मोठे धंदे असलेल्या घरात कपॅसिटरला कोण विचारतो? टीडीकेचं मूळ कामच सुट्या भागांचं. तिथे तो धाकटा मुलगा कर्ता झाला. इन्फिनिऑनचंही तसंच. मार्च २००० मध्ये शेअर बाजारात आली, आणि आज मोटारगाड्यांच्या चिप पुरवणाऱ्यांत ती जगात आघाडीवर आहे. उलट घरात ठेवलेल्या डब्याचं काय झालं? सीमेन्सनं आपला मोबाइल फोनचा धंदा २००५मध्ये तैवानच्या बेनक्यूला दिला आणि सप्टेंबर २००६मध्ये त्याची जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली.

"डबा मेला, पोट जगलं," भाचीनं मामांचंच वाक्य परत केलं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. शेतकऱ्याला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसवून दिला, मोटार फिरवून दाखवली, पैसे घेतले. मग म्हणाले, "तू दोन लेकरं सांगितली. तिसरं काहून लपवलं?"

वर्तमानपत्र ते रोज पूर्ण वाचतात, हे भाची विसरली होती. इन्फिनिऑननं २००६मध्ये स्वतःच्या पोटातून मेमरीचा धंदा वेगळा काढला, नाव क्विमोंडा. भाव पुन्हा पडले तेव्हा पाठीशी उभं राहायला कोणी नव्हतं. जानेवारी २००९मध्ये क्विमोंडा दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास इन्फिनिऑनचाही शेअर, जो ३५ युरोला विकला गेला होता, एका युरोच्या खाली घसरला. ती वाचली, पण काठावर.

अमेरिकेतल्या मोटारवाल्यांचे दाखले तर मामांच्या बाजूनं आणखी भक्कम. जनरल मोटर्सनं १९९९मध्ये सुटे भाग बनवणारी डेल्फाय वेगळी काढली. ऑक्टोबर २००५मध्ये ती दिवाळखोरीत. फोर्डनं २०००मध्ये व्हिस्टिऑन वेगळी केली. मे २००९मध्ये तीही. दोघींचं दुखणं एकच होतं. नावाला स्वतंत्र, पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जुनंच घर, आणि मजुरी-पेन्शनची जुनी ओझी पाठीवर. वाटणीत कोरडवाहू आणि कर्ज एकाच भावाच्या वाट्याला आलं, तर तो भाऊ पुढे काय करणार?

इथे बाळापूरलाच १७२० साली एक वाटणी सुरू झाली होती, मामा मिश्किलपणे म्हणाले. ऑगस्ट महिन्यात निजाम-उल-मुल्कनं इथल्या लढाईत आलम अली खानाला हरवलं, चार वर्षांनी साखरखेर्ड्याला मुबारिझ खानाला, आणि दख्खनचा कारभार दिल्लीपासून वेगळा झाला. पण नाणी मात्र पुढे कित्येक पिढ्या मोगल बादशहाच्याच नावानं पडत राहिली. "कंपनी येगळी, आन् पाटी मालकाची. तुह्या डीमर्जरपेक्षा निजाम हुशार होता."

भाचीनं चहा सांगितला.

चहाबरोबर विषय विहिरीवर आला. वऱ्हाडात वावराची वाटणी होते, सातबारे वेगळे होतात, पण विहीर बहुतेक वेळा सामाईक राहते. भांडण जमिनीवरून होत नाही, पाण्याच्या पाळीवरून होतं. एकाची संत्री सुकत असतात, दुसरा म्हणतो आज माझी पाळी आहे, मला पाणी नको असलं तरी मोटार मीच लावणार. कंपन्यांच्या वाटणीतली सामाईक विहीर म्हणजे माल पुरवठ्याचा करार. भाचीला त्याचं एक कडू उदाहरण माहीत होतं, आणि ते तिच्या बाजूचं नव्हतं.

अमेरिकेतली एएमडी संगणकाचे प्रोसेसर बनवते. तिनं २००९मध्ये आपले कारखाने अबूधाबीच्या पैशावर वेगळे काढले, नाव ग्लोबलफाउंड्रीज. एएमडीनं करार केला की ठरावीक माल तिथूनच घेऊ. पुढे एएमडीचा खप घटला, आणि न घेतलेल्या मालाचेही पैसे द्यायची वेळ आली. डिसेंबर २०१२मध्ये करार बदलून घेण्यासाठी तिनं ३२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ज्या कंपनीला तेव्हा रोख पैशाची ओढ होती, तिनं न उपसलेल्या पाण्याचे पैसे भरले.

"मंग बुडाली?"

"नाही. तीच तर गंमत आहे."

२०१८मध्ये ग्लोबलफाउंड्रीजनं सात नॅनोमीटरच्या शर्यतीतून माघार घेतली. त्या पिढीच्या चिपसाठी एएमडीला टीएसएमसीकडे जायची मोकळीक मिळाली, आणि २०१९पासून तिचे प्रोसेसर इंटेलच्या तोडीस तोड ठरले. कारखाने घरातच असते, तर स्वतःच्याच मागं पडलेल्या यंत्रांवर प्रोसेसर बनवत बसावं लागलं असतं. ग्लोबलफाउंड्रीजही मोटारी आणि फोनच्या साध्या चिप बनवून उभी राहिली. दहा वर्षं दोघींनी एकमेकींना शिव्या घातल्या आणि मग दोघी सुटल्या.

"धा वर्सं," मामा म्हणाले. "धा वर्सं तोटा काढाले खिशात पैसे पायजेत. ते अबूधाबीचे होते म्हनून. आमच्या व्हिडिओकॉनले कोन देनार होतं?"

ही दुखरी नस होती. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही त्यांनी शेकड्यांनी दुरुस्त केले आहेत. पिक्चर ट्यूबच्या मानेजवळचं बोर्ड ते डोळे मिटून सांगतील. व्हिडिओकॉननं उलटा रस्ता धरला होता. २००५मध्ये तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने. पोट ताब्यात असलं की डबा स्वस्तात विकता येतो, असा हिशेब. नेमके त्याच वर्षांत सपाट टीव्ही आले आणि ट्यूबचं पोटच जगाला नकोसं झालं. व्हिडिओकॉन २०१८मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्याला टेलिकॉमचा डाव आणि कर्जाचा डोंगर जास्त कारणीभूत, ट्यूब एकटी नाही. पण थॉमसननं आपला सुट्या भागांचा धंदा वेळेत दुसऱ्याच्या गळ्यात घातला, हे खरंच.

"म्हणजे विकणारा शहाणा होता. माझाच मुद्दा झाला," भाची म्हणाली.

"विकनारा शहाना, हे कबूल. पन घेनारा आपला मानूस होता ना, माय."

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. सुट्या भागांचा धंदा वेगळा काढला की भागधारकाचं भलं होतं की नाही, यावर तिच्याकडे तक्ते होते. त्या कारखान्यातल्या माणसाचं काय होतं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

मग पुण्याचं उदाहरण निघालं, आणि ते जरा सुखाचं होतं. १९९०मध्ये सुरू झालेल्या केपीआयटीत दोन जातींची कामं एकत्र होती: मोटारगाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि कंपन्यांच्या कारभाराचं नेहमीचं आयटी. जानेवारी २०१८मध्ये तिनं सी. के. बिर्ला समूहाच्या बिर्लासॉफ्टशी आधी विलीन व्हायचं आणि मग दोन कंपन्या करायचं जाहीर केलं. आधी लग्न, मग वाटणी. आयटीचं काम बिर्लासॉफ्टच्या नावानं राहिलं. मोटारींचं काम नव्या केपीआयटीत गेलं आणि ती एप्रिल २०१९मध्ये बाजारात आली. शंभर रुपयांच्या आसपास सुरू झालेला तिचा शेअर २०२३मध्ये हजार ओलांडून गेला. मोटारीच्या एका भागाचं काम एकाग्रपणे करणारी कंपनी म्हणून जगातले मोटारवाले तिच्याकडे आले. त्या सगळ्यांची ती पुरवठादार, आणि स्वतः मोटार एकही विकत नाही.

मामांनी बोट वर केलं. "आता सांगितलं तू बराबर. तिचं गिऱ्हाईक एक हाय का दहा?"

"खूप."

"आन् पारसचं?"

भाचीला कळायला क्षणभर लागलं. पारस बाळापूर तालुक्यातलंच; तिथल्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. सूत्रधारी कंपनी, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा चार पाट्या लागल्या. बाळापुरातले लोक मात्र आजही लाइनमन येईपर्यंत "बोर्डात फोन लाव" असंच म्हणतात. पारसची वीज महानिर्मिती बनवते आणि ती घेणारी मुख्यतः महावितरण. एकीची वसुली थकली की दुसरीची थकबाकी वाढते. ताळेबंद दोन झाले, पण पैसा अजून त्याच ओढ्यानं वाहतो.

"वाटणी करायच्या आंधी मी एकच विचारीन," मामा म्हणाले. "ह्या पोराच्या दुकानातून गावातले लोक माल घेतात का फक्त बाप घेते? लोक घेत असन तर द्या त्याले येगळं दुकान. नुसता बाप घेत असन, तर कायले पाटी रंगवता?"

भाचीनं वहीच काढली. या कसोटीवर एप्कॉस, इन्फिनिऑन, केपीआयटी पास होत होत्या. डेल्फाय आणि व्हिस्टिऑन नापास. क्विमोंडाला गिऱ्हाईकं भरपूर होती, तरीही ती बुडाली. मेमरीसारख्या भाव वर-खाली होणाऱ्या मालाला मामांची तूर लागते, हे तिनं बाजूला लिहिलं. सॅमसंगचा डिस्प्ले आणि इतरांसाठी चिप बनवणं हे तिच्या यादीत वेगळे काढण्याजोगे राहिले. मेमरीवर तिनं प्रश्नचिन्ह टाकलं.

"मेमरी घरातच राहू दे," मामा म्हणाले.

"राहू दे, पण खत द्या म्हणावं. आणि फोनवाल्यांच्या खोलीतून तिच्या वहीत डोकावू नका म्हणावं. नाहीतर ॲपल परत यायचं नाही."

"तूच जाय सांगाले."

ऊन उतरायला लागलं होतं. पालथ्या टीव्हीच्या बॅकलाइटच्या तीन पट्ट्यांपैकी मधली गेलेली निघाली. मामांनी मागच्या कपाटातून त्याच मापाची पट्टी शोधली. दुसऱ्याच कंपनीच्या टीव्हीतून काढून ठेवलेली. कनेक्टर थोडा वेगळा होता. त्यांनी वायर कापली, दोन टोकं पिळली, सोल्डरचा धूर वर गेला.

"ही कोणाची?" भाचीनं विचारलं.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी उजेडाकडे धरली आणि त्यावरचा पुसट आकडा वाचायचा प्रयत्न केला.